क्ष-किरणांतला खळगा, रेडिओतली उसळी

माझ्या टेबलासमोरच्या भिंतीवर गेली काही वर्षे एक आलेख चिकटवलेला आहे. 9 सप्टेंबर 1997 या दिवशी आपल्याच आकाशगंगेतील जीआरएस 1915+105 या कृष्णविवराकडे एकाच वेळी तीन ठिकाणांहून पाहिले जात होते. क्ष-किरणांसाठी पृथ्वीभोवती फिरणारा रॉसी एक्स-रे टायमिंग एक्सप्लोरर हा उपग्रह होता, अवरक्त प्रकाशासाठी हवाई बेटांवरील मौना केआ शिखरावरची ब्रिटिश दुर्बीण होती आणि रेडिओ लहरींसाठी न्यू मेक्सिकोतील व्हेरी लार्ज ॲरे होता. फेलिक्स मिराबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1998 मध्ये ही निरीक्षणे प्रसिद्ध केली. तिन्ही वक्र एकाच काळरेषेवर मांडलेला हा आलेख दिसायला साधाच आहे. परंतु कृष्णविवरात पडणारे द्रव्य आणि कृष्णविवराजवळून बाहेर फेकले जाणारे झोत यांचा संबंध मला जो काही समजला, तो याच कागदावरून समजला.

डावीकडून वाचत गेले की आधी क्ष-किरणांचा वक्र एकदम कोसळतो आणि काही मिनिटे खाली राहतो. या खळग्याच्या काळात जे थोडे क्ष-किरण येतात ते अधिक ऊर्जेचे, म्हणजे कठीण स्वरूपाचे असतात. मग एक अरुंद, सुईसारखी टोकदार उसळी येते आणि वक्र पुन्हा वर चढू लागतो. नेमक्या त्या सुईच्या आसपास अवरक्त प्रकाश वाढायला लागतो, कमाल गाठतो आणि ओसरू लागतो. त्यानंतर काही मिनिटांनी रेडिओचा वक्र आपल्या शिखरावर पोहोचतो. साधारण अर्ध्या तासाने हा सारा प्रकार पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. सूर्याच्या सुमारे 12 पट वस्तुमानाची, आपल्यापासून सुमारे 28,000 प्रकाशवर्षे दूर असलेली वस्तू अर्ध्या तासाच्या ठेक्यावर रिकामी होते, भरते आणि दर वेळी काहीतरी बाहेर भिरकावते, हे पहिल्यांदा लक्षात आले तेव्हा मी बराच वेळ त्या वक्रांवरून नुसते बोट फिरवत बसलो होतो.

अवरक्ताला आधी आणि रेडिओला नंतर शिखर का येते, हे आधी सांगून टाकतो, कारण खळग्यापेक्षा हा भाग सोपा आहे. बाहेर फेकला गेलेला प्लाझ्माचा, म्हणजे विद्युतभारित तप्त वायूचा गोळा सुरुवातीला दाट असतो. त्यातील इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या वेगाच्या जवळपास धावत चुंबकीय क्षेत्रात वळत असल्यामुळे ते रेडिओपासून अवरक्तापर्यंत सर्व प्रकारचे प्रारण निर्माण करतात. परंतु दाट गोळ्यातून रेडिओ लहरींना बाहेर पडता येत नाही. गोळा फुगत आणि विरळ होत गेला की आधी लहान तरंगलांबीच्या लहरी सुटतात, मग मोठ्या तरंगलांबीच्या. म्हणजे रेडिओला होणारा उशीर हा गोळा फुगायला लागलेला वेळ आहे, आणि एवढ्यावरूनच जे दिसते आहे ते कृष्णविवराभोवती फिरणाऱ्या वायूच्या तबकडीतच घडत नसून बाहेर पळणाऱ्या द्रव्यात घडते आहे, असे म्हणता येते.

अवघड भाग खळग्याचा आहे, आणि त्यासाठी द्रव्य पडते म्हणजे नेमके काय होते ते पाहावे लागते. कृष्णविवर आजूबाजूचे सर्व काही ओढून घेते, हा समज बराच चिवट आहे. दूर अंतरावर कृष्णविवराचे गुरुत्वाकर्षण तेवढ्याच वस्तुमानाच्या ताऱ्यापेक्षा तसूभरही वेगळे नसते. कृष्णविवराच्या जोडीदार ताऱ्याकडून निघालेल्या वायूपाशी कोनीय संवेग, म्हणजे फिरत राहण्याचा जोर असतो, आणि तो टाकून दिल्याशिवाय वायूला आत जाता येत नाही. तो भोवती फिरत राहतो आणि त्याची तबकडी तयार होते. आतला थर वेगाने आणि बाहेरचा सावकाश फिरत असल्याने चुंबकीय क्षेत्राच्या रेषा या दोन थरांत ताणल्या जातात, आतल्या वायूला मागे खेचतात आणि बाहेरच्याला पुढे रेटतात. स्टीव्हन बाल्बस आणि जॉन हॉली यांनी 1991 मध्ये हे दाखवून दिल्यानंतरच तबकडीतले घर्षण कोठून येते, या 1973 पासून चाचपडत असलेल्या प्रश्नाला पटण्याजोगे उत्तर मिळाले. कोनीय संवेग बाहेर सरकतो, वायू आत सरकतो आणि या प्रवासात सुटलेली ऊर्जा उष्णतेच्या आणि प्रकाशाच्या रूपाने बाहेर पडते. ताऱ्याएवढ्या वस्तुमानाच्या कृष्णविवराभोवती तबकडीचा आतला भाग सुमारे 1 कोटी अंशांपर्यंत तापतो आणि म्हणून तो क्ष-किरणांत झळकतो.

ही ऊर्जा किती, याचा अंदाज असलेला बरा. हायड्रोजनचे हेलियममध्ये रूपांतर होताना वस्तुमानाचा सुमारे 0.7 टक्के भाग ऊर्जेत बदलतो. न फिरणाऱ्या कृष्णविवरात पडणारे द्रव्य घटनाक्षितिज, म्हणजे जिथून परतणे अशक्य ती सीमा, ओलांडण्यापूर्वी सुमारे 6 टक्के देते, आणि कृष्णविवर कमाल वेगाने स्वतःभोवती फिरत असेल तर हा आकडा सिद्धान्ततः 42 टक्क्यांपर्यंत जातो. विश्वात नित्य घडणाऱ्या प्रक्रियांमध्ये याच्या जवळ जाणारे दुसरे काही नाही.

आता माझ्या जुन्या चुकीविषयी. झोत म्हणजे उतू जाणे, असे मी कित्येक वर्षे धरून चाललो होतो. भांडे लहान, ओतणारा हात सैल, म्हणून जास्तीचे दोन्ही बाजूंनी सांडते. तेव्हा जितके जास्त द्रव्य पडेल तितका झोत मोठा, हे ओघानेच आले. हे चित्र सोयीचे आहे, पण निरीक्षणे त्याच्या नेमकी उलट साक्ष देतात.

क्ष-किरणांत भडकणारी बहुतेक कृष्णविवरे वर्षानुवर्षे शांत असतात, मग तबकडीत साठलेले द्रव्य अस्थिर होऊन आत येऊ लागते आणि काही आठवड्यांत त्यांची तेजस्विता प्रचंड वाढते. वाढीच्या या पहिल्या टप्प्यात येणारे क्ष-किरण कठीण असतात. ते शिस्तीत फिरणाऱ्या पातळ तबकडीतून येत नसून तिच्या आत आणि वर असलेल्या अतितप्त, विरळ वायूतून, म्हणजे प्रभामंडळातून येतात. या कठीण अवस्थेत एक छोटा, अखंड झोत चालू असतो. क्ष-किरण दहा पट वाढले तर त्याचा रेडिओ प्रकाश साधारण पाच पट वाढतो, आणि हे नाते कित्येक पटींच्या पल्ल्यात टिकते; इथपर्यंत माझे उतू जाण्याचे चित्र तग धरू शकले असते. पण त्यानंतर तबकडी कृष्णविवराच्या अगदी जवळ, स्थिर कक्षेच्या शेवटच्या मर्यादेपर्यंत येते, क्ष-किरण मृदू होतात, द्रव्य सर्वाधिक जोमाने आत जात असते, आणि झोत मालवतो. थोडा मंदावतो असे नाही, रेडिओ दुर्बिणींना तो जवळजवळ दिसेनासाच होतो. पुढे द्रव्याचा ओघ आटला आणि तबकडी पुन्हा कठीण अवस्थेत परतली, की झोत परत उजळतो. रॉब फेंडर, टोमासो बेल्लोनी आणि एलेना गॅलो यांनी 2004 मध्ये या साऱ्या चक्राची एकत्र मांडणी केली. तीत सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे कठीणकडून मृदूकडे जातानाची एक सीमारेषा आहे, जिच्या आसपास कृष्णविवर अखंड झोत बंद करण्यापूर्वी प्लाझ्माचे वेगवान गोळे सुटे सुटे फेकते. रेडिओतले सर्वांत मोठे स्फोट याच ओलांडणीचे असतात.

तेव्हा द्रव्य किती पडते यापेक्षा ते कोणत्या आकारात पडते आणि त्या आकारात कधी बदल होतो, यावर झोत ठरतो. भिंतीवरच्या आलेखातला खळगा हा असाच बदल आहे. बेल्लोनी यांनी 1997 मध्ये मांडलेल्या अर्थानुसार खळगा पडतो तेव्हा तबकडीचा सर्वांत आतला भाग नाहीसा झालेला असतो. बाहेरून येणारे द्रव्य ती जागा हळूहळू भरते आणि वक्र वर येतो. जीआरएस 1915+105 मृदू आणि कठीण अवस्थांमधली जी सीमा इतर कृष्णविवरे काही महिन्यांत एकदा ओलांडतात, ती अर्ध्या तासाला ओलांडत बसलेले आहे. एरवी धीराने वाट पाहावी लागणारी घटना इथे एका रात्रीत अनेकदा पाहायला मिळते, म्हणून या एका वस्तूवर इतके लिहिले गेले.

आकाराला एवढे महत्त्व का, याचे उत्तर चुंबकीय क्षेत्रात आहे. कृष्णविवराला स्वतःचे चुंबकीय क्षेत्र धरून ठेवता येत नाही. आत पडणारे द्रव्य बाहेरून जे क्षेत्र ओढत आणते तेवढेच. परंतु फिरणारे कृष्णविवर आपल्याभोवतीचा अवकाशच सोबत फिरवत असल्याने त्यातून गेलेल्या क्षेत्ररेषांना पीळ बसत जातो आणि पिळलेल्या रेषा ध्रुवांच्या दिशांनी उलगडताना ऊर्जा घेऊन बाहेर जातात. रॉजर ब्लँडफर्ड आणि रोमन झ्नायेक यांनी ही कल्पना 1977 मध्ये मांडली. फिरत्या तबकडीवरूनच क्षेत्ररेषांच्या आधाराने द्रव्य बाहेर भिरकावले जाऊ शकते, हा दुसरा मार्ग ब्लँडफर्ड आणि डेव्हिड पेन यांनी 1982 मध्ये दाखवला. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही, ही म्हण इथे फार वेगळ्या अर्थाने लागू पडते: द्रव्याचा सुंभ घटनाक्षितिजापलीकडे जातो, पीळ बाहेर राहतो. मात्र तो टिकण्यासाठी रेषांना बाहेरून दाबून धरणारे नवे द्रव्य सतत यावे लागते, नाहीतर त्या सुटून पांगतात. फुगीर, तप्त तबकडी क्षेत्र आत ओढून आणते आणि दाबून धरते. पातळ तबकडीतून ते बाहेर झिरपून जाते. मृदू अवस्थेत झोत का मालवतो, याची मला सर्वांत पटणारी कारणमीमांसा हीच आहे, जरी तिच्यावर सर्वांचे एकमत झालेले नाही.

याच विचाराला संगणकीय प्रारूपांनी एक असा आकडा दिला, जो मी पहिल्यांदा वाचला तेव्हा छपाईची चूक समजलो होतो. कृष्णविवरापाशी क्षेत्र इतके साचले की ते पडणाऱ्या द्रव्यालाच अडवू लागते, अशा स्थितीचा विचार रमेश नारायण आणि सहकाऱ्यांनी 2003 मध्ये केला होता. अलेक्झांडर चेखोव्स्कॉय, नारायण आणि जोनाथन मॅकिनी यांनी 2011 मध्ये वेगाने फिरणाऱ्या कृष्णविवरासाठी अशा तबकडीचे प्रारूप चालवले, तेव्हा बाहेर येणारी ऊर्जा आत पडणाऱ्या द्रव्याच्या एकूण वस्तुमान-ऊर्जेच्या सुमारे 140 टक्के निघाली. हिशेबात खोट नव्हती. जास्तीची ऊर्जा कृष्णविवराच्या परिवलनातून आली होती, आणि ते परिवलन तेवढ्याने मंदावत होते. उतू जाण्याचे माझे चित्र या आकड्यापुढे टिकणे शक्यच नव्हते, कारण भांड्यात ओतले त्याहून अधिक उतू कसे जाईल?

निरीक्षणांनी या बदलाचा क्षण किती जवळून गाठला आहे, याची दोन उदाहरणे सांगण्यासारखी आहेत. मार्च 2018 मध्ये भडकलेले मॅक्सी जे1820+070 हे कृष्णविवर आपल्यापासून सुमारे 10,000 प्रकाशवर्षे दूर आहे. त्याच वर्षीच्या जुलैत ते कठीणकडून मृदू अवस्थेकडे जात असताना अंतराळ स्थानकावरील नायसर ही क्ष-किरण दुर्बीण त्याच्याकडे पाहत होती. क्ष-किरणांत होणाऱ्या जलद, जवळपास लयबद्ध कंपनांचा प्रकार अचानक बदलला, त्याच सुमारास एक छोटी क्ष-किरण उसळी आली, आणि दोन-अडीच तासांनी रेडिओतील मोठा उद्रेक सुरू झाला. त्या वेळी सुटलेले गोळे पुढे कित्येक महिने दूर जाताना दिसत राहिले.

दुसरे उदाहरण व्ही404 सिग्नी या कृष्णविवराचे आहे. जून 2015 मध्ये 26 वर्षांच्या शांततेनंतर ते भडकले, तेव्हा नूस्टार उपग्रहाने क्ष-किरण आणि ला पाल्मा बेटावरील विल्यम हर्शेल दुर्बिणीने दृश्य प्रकाश एकाच वेळी, सेकंदाच्या लहान लहान भागांत मोजला. झोत जोमात असताना क्ष-किरणांत झालेली प्रत्येक झपाट्याची लकाकी दृश्य प्रकाशात सुमारे 0.1 सेकंद उशिरा दिसत होती. प्रकाश एवढ्या वेळात 30,000 किलोमीटर जातो. या कृष्णविवराचे वस्तुमान सूर्याच्या सुमारे 9 पट, म्हणजे ते फिरत नसल्याचे धरले तर घटनाक्षितिजाची त्रिज्या 27 किलोमीटरच्या आसपास येते. तेव्हा झोत दिसण्याइतका उजळ होण्यापूर्वी अशा सुमारे 1,100 त्रिज्यांएवढे अंतर कापतो. तबकडीत काय घडले आणि झोतात त्याचे काय झाले, यांतील अंतर घड्याळाने मोजता आले, ही मला या सगळ्या विषयातील सर्वांत देखणी गोष्ट वाटते.

हेच नाते दीर्घिकांच्या केंद्रांतील महाकाय कृष्णविवरांनाही लागू पडते का? ॲलन मार्शर आणि सहकाऱ्यांनी 2002 मध्ये 3सी 120 या रेडिओ दीर्घिकेबाबत दाखवले की तिच्या केंद्रातील क्ष-किरण काही काळ मंदावतात आणि त्यानंतर काही आठवड्यांत तिच्या रेडिओ झोतात एक नवा तेजस्वी ठिपका निघून दूर जाऊ लागतो. असे साधारण दहा महिन्यांनी एकदा होते. खळगा आधी, उसळी नंतर, क्रम तोच. हे वाचून मला अर्थातच हिशेब करण्याचा मोह झाला. 3सी 120 मधील कृष्णविवराचे वस्तुमान सूर्याच्या सुमारे 5.5 कोटी पट आहे, म्हणजे ते जीआरएस 1915+105 पेक्षा सुमारे 45 लाख पट जड आहे. काळ वस्तुमानाच्या प्रमाणात वाढतो असे धरले, तर अर्ध्या तासाचे चक्र तिथे सुमारे 250 वर्षांचे व्हायला हवे. उलट बाजूने पाहिले तर दहा महिन्यांचे चक्र जीआरएस 1915+105 साठी सहा सेकंदांच्याही आत बसते. तेव्हा भिंतीवरचा आलेख नुसता ताणून 3सी 120 चा आलेख मिळत नाही. लहान कृष्णविवराच्या प्रकाशात सेकंदांपासून तासांपर्यंतचे अनेक चढउतार एकमेकांत मिसळलेले असतात आणि मोठ्या कृष्णविवरात आपण त्यांतील फार जलद असे काही पाहत असतो, असे मला वाटते. छोटे कृष्णविवर म्हणजे मोठ्याची हुबेहूब प्रतिकृती, असे सरसकट विधान वाचले की मी हा हिशेब आठवतो. त्यातल्या त्यात भक्कम आधार आहे तो वस्तुमान, क्ष-किरणांची तेजस्विता आणि रेडिओची तेजस्विता यांना जोडणाऱ्या 2003 मधील सूत्राचा, जे सूर्याच्या काही पटींपासून अब्जावधी पटींपर्यंतच्या कृष्णविवरांना एकाच पृष्ठभागावर बसवते. तेही सरासरीने, प्रत्येकाला नव्हे.

एम87 या दीर्घिकेविषयी थोडक्यातच लिहितो, कारण तिच्या केंद्रातील कृष्णविवराची प्रतिमा सर्वांनी पाहिलेली आहे. हेबर कर्टिस यांना 1918 मध्ये या दीर्घिकेच्या केंद्रातून निघालेली एक सरळ रेघ दिसली होती. ती रेघ म्हणजे सुमारे 5,000 प्रकाशवर्षे लांबीचा झोत. सूर्याच्या 6.5 अब्ज पट वस्तुमानाचे तेथील कृष्णविवर वर्षाला सूर्याच्या वस्तुमानाच्या हजाराव्या भागाच्या आसपासच द्रव्य गिळते, म्हणजे आपल्या आकाराच्या मानाने जवळजवळ उपाशीच असते. प्रतिमेतील कड्याच्या ध्रुवित, म्हणजे ठराविक दिशेने कंप पावणाऱ्या प्रकाशावरून 2021 मध्ये जे चुंबकीय क्षेत्र अनुमानले गेले, ते द्रव्याला रोखून धरण्याइतके प्रबळ आहे. कमी द्रव्य, फुगीर तबकडी, घट्ट क्षेत्र, मोठा झोत: मृदू अवस्थेच्या बरोबर विरुद्ध टोक.

महाकाय कृष्णविवराचा झोत सुरू होताना पाहायला माणसाचे आयुष्य पुरणार नाही, असे मी धरून चाललो होतो. तेही खोटे ठरले. 1ईएस 1927+654 ही सुमारे 27 कोटी प्रकाशवर्षांवरील दीर्घिका. तिचे केंद्र 2017 च्या अखेरीस दृश्य प्रकाशात भडकले, आणि 2018 मध्ये त्याचे प्रभामंडळ नाहीसे झाले, म्हणजे कठीण क्ष-किरण जवळजवळ बंदच पडले. पुढे ते परत आले. त्यानंतर 2022 मध्ये क्ष-किरणांत सुमारे 18 मिनिटांचे एक आवर्तन दिसू लागले, आणि ते दोन वर्षांत आखडत सुमारे 7 मिनिटांवर आले. दरम्यान 2023 मध्ये रेडिओ प्रकाश काही महिन्यांत सुमारे 60 पट वाढला, आणि अतिसूक्ष्म विभेदनाच्या रेडिओ प्रतिमांमध्ये केंद्राच्या दोन बाजूंना सरकणारे द्रव्य दिसू लागले. आधी आतल्या भागाची मोडतोड, मग पुनर्रचना, मग झोत. क्रम मला ओळखीचा वाटला.

जीआरएस 1915+105 मात्र आता पूर्वीसारखे उरलेले नाही. 1992 मध्ये सापडल्यापासून जवळपास 26 वर्षे ते अखंड तळपत होते. 2018 मध्ये त्याचे क्ष-किरण क्षीण होऊ लागले आणि 2019 मध्ये ते आणखी खालावले. ते विझत चालले आहे, असा आधी समज झाला. परंतु रेडिओतले उद्रेक चालूच राहिले, आणि वर्णपटांवरून दिसून आले की दाट वायू आड आल्यामुळे क्ष-किरण आपल्यापर्यंत पोहोचत नाहीत. आत द्रव्य पडतेच आहे, झोत सुटतच आहेत. माझ्या भिंतीवरच्या कागदातील वरचा वक्र झाकला गेला आहे. खळगा केव्हा पडला, हे आता खालच्या वक्रातली उसळी पाहून मागाहून ओळखावे लागते.